अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये नव्याने: काउन्सेलर, विषयनोंदणी आणि वेळापत्रक

नववी-दहावीच्या वयाचं मूल घेऊन भारतातून अमेरिकेत आलं की पहिले काही आठवडे घर, गाडी आणि बँक यांतच जातात. शाळेची फारशी काळजी वाटत नाही. सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, फी नसते, प्रवेश नाकारला जात नाही. नाव घालणं खरोखरच सोपं आहे. चुकतं ते पुढे. मूल कितवीत बसणार, गणित कोणत्या पातळीचं मिळणार, भारतातली नववी हिशेबात धरली जाणार की नाही, हे प्रश्न बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या एका भेटीत निकाली निघतात. तिथे झालेली चूक अकरावी-बारावीपर्यंत मागे लागते. ही भेट असते स्कूल काउन्सेलरशी.

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. वर्गशिक्षक नसतात. प्रत्येक मुलाचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि ते बनवण्यापासून कॉलेजला प्रगतिपत्रक पाठवण्यापर्यंतची कामं काउन्सेलरकडे असतात. मूल रडवेलं होऊन आलं तरी त्याला याच दारात पाठवतात. काउन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीनुसार एका काउन्सेलरकडे २५० विद्यार्थी असावेत. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी जास्तच असतात. त्यामुळे तुमच्या मुलाची माहिती त्यांनी आपणहून गोळा करावी ही अपेक्षा ठेवू नका. कागद तुम्ही न्यायचे, प्रश्न तुम्ही विचारायचे, तेही योग्य महिन्यात आणि लेखी.

विमानात बसण्याआधी

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नववीच्या गुणपत्रिकेवरून. दहावी झालेल्या मुलाचे पालक बोर्डाची एसएससीची गुणपत्रिका जपून आणतात आणि नववीची घरीच राहते, कारण आपल्याकडे नववीला कोण विचारतो? अमेरिकेत हायस्कूलचं प्रगतिपत्रक, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, नववीपासून सुरू होतं. नववीचा कागद नसेल तर त्या वर्षाची क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या प्रत्येक विषयाबद्दल खात्यावर जमा होणारे एकांक) मिळत नाहीत आणि अकरावीत आलेलं मूल कागदोपत्री एक वर्ष मागे पडतं. नववीचा निकाल बोर्ड देत नाही, शाळा देते. म्हणून शाळा सोडण्याआधीच तो मागून घ्या.

शाळेकडून हे घ्या: आठवी, नववी आणि झाली असेल तर दहावीची गुणपत्रिका, दोन्ही सत्रांचे गुण वेगवेगळे दाखवणारी. शाळा सोडल्याचा दाखला. शाळेच्या लेटरहेडवर एक पत्र, ज्यात प्रत्येक विषयाच्या आठवड्याला किती तासिका आणि एक तासिका किती मिनिटांची हे लिहिलेलं असेल. हे पत्र बहुतेक कोणी मागत नाही, पण क्रेडिट हा शेवटी शिकवण्याच्या तासांचा हिशेब असल्यामुळे काउन्सेलरचं काम यानं फार सोपं होतं. वर्षाच्या मध्ये निघत असाल तर तोपर्यंतचे गुणही लिहून घ्या. सगळ्याच्या दोन-तीन प्रती शिक्क्यानिशी, त्यातली एक बंद लिफाफ्यात. मराठी माध्यमाची शाळा असेल तर इंग्रजी भाषांतर आणि त्यावर भाषांतरकाराची सही लागते.

गुणांचं प्रमाण समजावणारा कागदही जोडा. आपल्या एसएससीत ३५ ला पास, ६० ला प्रथम श्रेणी, ७५ ला विशेष प्रावीण्य. अमेरिकेतल्या नेहमीच्या पद्धतीत ९० च्या वर ए, आणि ६० च्या खाली नापास. ६८ टक्क्यांची प्रथम श्रेणी तिथे डी दिसते. गुणपत्रिकेच्या मागे श्रेणींचा तक्ता छापलेला असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. बऱ्याच शाळा परदेशी गुणांचं रूपांतर न करता नुसतं 'पास' लिहून क्रेडिट देतात. तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका. त्याने सरासरी बिघडत नाही, आणि कॉलेजला मूळ गुणपत्रिका स्वतंत्रपणे पाठवता येते.

नावाची भानगड खास आपली. एसएससीच्या कागदांवर आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. नोंदणी करणारी व्यक्ती पहिला शब्द हेच नाव समजते, मग मुलीला वर्गात आडनावाने हाक पडते आणि वडिलांचं नाव तिचं आडनाव होतं. अनेक शाळांत काउन्सेलर आडनावाच्या आद्याक्षरावरून ठरतात, त्यामुळे फाइलही चुकीच्या टेबलावर जाते. नोंदणीत पासपोर्टप्रमाणेच नाव घाला आणि संगणकावर चढलेलं नाव तिथल्या तिथे वाचून बघा. तारखांचंही तेच. अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. लसीच्या कार्डावर ०४/०७ असेल तर ४ जुलैचं ७ एप्रिल होतं. सगळ्या तारखा महिना अक्षरांत लिहून डॉक्टरकडून नवा तक्ता करून घ्या.

नाव घालण्याचा दिवस

राहण्याचा पुरावा (घराचा भाडेकरार, वीज किंवा गॅसचं बिल), मुलाचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट, लसी, गुणपत्रिका आणि पालकाचं ओळखपत्र. सोशल सिक्युरिटी नंबर सक्तीचा नाही. व्हिसाच्या प्रकारावरून सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. १९८२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते पक्कं झालं आहे.

लसींमध्ये बहुधा दोन गोष्टी अडतात. टीडॅपचा (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याच्या लसीचा) डोस भारतात दहाव्या वर्षी नुसता टीडी म्हणून, डांग्या खोकल्याचा भाग वगळून, दिलेला असतो, आणि मेंदूज्वराची मेनिन्गोकॉकल लस आपल्याकडे सहसा दिलेलीच नसते, ती बऱ्याच राज्यांत लागते. काही ठिकाणी भारतातून आलेल्या मुलांना क्षयरोगाची तपासणी सांगतात. बीसीजी घेतलेल्या मुलाची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचं पत्र, आठवडाभर खोळंबा. रक्तावरची चाचणी चालेल का, हे आधीच विचारा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

याच गठ्ठ्यात घरच्या भाषेबद्दल एक फॉर्म असतो. घरात कोणती भाषा बोलता? 'मराठी' लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते: कॅलिफोर्नियात ईएलपीएसी, न्यू जर्सी-इलिनॉयसारख्या अनेक राज्यांत विडा. ती टळावी म्हणून पालक 'इंग्रजी' लिहितात. तसं करू नका. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं वाचन-लेखनात सहसा पार होतात. अडखळतात ती ऐकण्या-बोलण्यात, कारण उच्चार आणि वेग नवा असतो. चाचणीत कमी पडलं तर मिळणारी मदत खरोखर उपयोगी असते. नको असेल तर पालक लेखी नकार देऊ शकतात, मात्र वर्षातून एकदा होणारी इंग्रजीची चाचणी मूल इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीतून बाहेर पडेपर्यंत चुकत नाही. एक गोष्ट नक्की विचारा: इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गामुळे नियमित इंग्रजीचा किंवा विज्ञानाचा तास जातो का, आणि त्या वर्गाचं क्रेडिट इंग्रजीत धरलं जातं की ऐच्छिक विषयात? पुढच्या वर्षी हायस्कूलच्या पदवीच्या, म्हणजे डिप्लोमाच्या, हिशेबात हाच फरक निघतो.

पहिली भेट: क्रेडिटचा हिशेब समोर बसून करा

हायस्कूल पास होणं म्हणजे ठरावीक विषयांतली ठरावीक क्रेडिट्स जमवणं. मोजमाप राज्यागणिक वेगळं आहे, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मावसभावाचा सल्ला इथे चालत नाही. न्यू जर्सीत वर्षभराच्या विषयाला ५ क्रेडिट्स आणि पदवीला किमान १२०. टेक्सासमध्ये वर्षभराच्या विषयाला १, मूळ आराखड्याला २२, आणि एन्डॉर्समेंट (एखाद्या क्षेत्रातल्या जादा विषयांची जोड) घेतलं तर २६. कॅलिफोर्नियात बहुतेक शालेय जिल्हे (स्कूल डिस्ट्रिक्ट) वर्षाच्या विषयाला १० देतात.

न्यू जर्सीचं उदाहरण उलगडून बघू. इंग्रजी चार वर्षं, गणित तीन, विज्ञान तीन, सामाजिक शास्त्रं तीन आणि त्यातली दोन वर्षं अमेरिकेचा इतिहास. एक वर्ष परदेशी भाषा, एक वर्ष कला, एक वर्ष व्यवसायाभिमुख विषय, अर्धं वर्ष आर्थिक साक्षरता, आणि शारीरिक शिक्षण व आरोग्य दरवर्षी. आता दहावी करून अकरावीत आलेली मुलगी घ्या. तिच्या मराठी-हिंदीची भाषा म्हणून नोंद होऊ शकते, विज्ञान आणि गणित धरलं जातं, पण अमेरिकेच्या इतिहासाची दोन्ही वर्षं उरलेल्या दोन वर्षांत बसवावी लागतात, शिवाय आर्थिक साक्षरता, शारीरिक शिक्षण आणि बहुतेक वेळा कला. हे सगळं घातल्यावर रोजच्या सात-आठ तासिकांत तिच्या आवडीला किती जागा उरते? बहुतेक एक, फार तर दोन. हे आधी कळलं तर अर्ध्या वर्षाचा विषय उन्हाळ्यात ऑनलाइन करून जागा मोकळी करता येते. त्या ऑनलाइन विषयाला शाळेची पूर्वपरवानगी लेखी हवी. नंतर आणलेला दाखला शाळा नाकारू शकते आणि तो तिचा हक्क आहे.

भेटीत काउन्सेलरकडून हे लिहून घ्या: भारतातल्या प्रत्येक विषयाला किती क्रेडिट्स दिली, ती कोणत्या रकान्यात टाकली, आणि पदवीसाठी नेमकं काय उरलं. याला क्रेडिट चेक किंवा ग्रॅज्युएशन ऑडिट म्हणतात. तोंडी 'ऑल गुड' वर उठू नका. टेक्सासला असाल तर आणखी विचारा की अल्जिब्रा १, इंग्रजी १ आणि २, बायोलॉजी, अमेरिकेचा इतिहास या पाच राज्य-परीक्षांपैकी मुलाला कोणत्या द्याव्या लागणार. कॅलिफोर्नियात शाळेची पदवी आणि राज्याच्या विद्यापीठांची 'ए ते जी' ही पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठांना १५ विषय लागतात, प्रत्येकात किमान सी, आणि त्यातले ११ बारावीच्या आधी. डी मिळालेला विषय शाळा उत्तीर्ण धरते, विद्यापीठ धरत नाही.

विज्ञानाबद्दल थोडंसंच. आपलं विज्ञान एकत्र असतं. इथे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स हे वर्षभराचे स्वतंत्र विषय. नववी-दहावीच्या एकत्र विज्ञानाला बायोलॉजी म्हणून पूर्ण क्रेडिट मिळेलच असं नाही. प्रयोगवहीची काही पानं दाखवली तर निर्णय मुलाच्या बाजूने झुकू शकतो.

गणितावर भांडायचं तर इथे भांडा

इथली शिडी अशी: अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, मग एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा) कॅल्क्युलस. एका वर्षी एक पायरी. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती दोन्ही दरवर्षी थोडी थोडी चालतात, आणि 'मॅथमॅटिक्स पार्ट वन, पार्ट टू' या नावांवरून काउन्सेलरला काहीच बोध होत नाही. संशय आला की खालची पायरी देतात. नववी केलेलं मूल पुन्हा अल्जिब्रा १ मध्ये बसतं आणि वर्षभर जांभया देतं.

म्हणून बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकांची अनुक्रमणिका छापून न्या. पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात. नववीत बहुपदी, दोन चलांतली रेषीय समीकरणं, समांतर रेषा, त्रिकोण, चौकोन, वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमितीची सुरुवात. दहावीत वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता, समरूपता, वर्तुळ, त्रिकोणमिती. मग सरळ म्हणा की प्लेसमेंट टेस्ट घ्या. बहुतेक जिल्ह्यांत मागच्या वर्षाच्या अंतिम परीक्षेचा पेपर किंवा तसंच काही असतं.

साधारण अंदाज असा. नववी झालेलं मूल जॉमेट्रीत नीट बसतं. दहावी झालेलं मूल अल्जिब्रा २ ऑनर्समध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा वरच्या पातळीच्या वर्गात. दहावीत ९५ पडले म्हणून थेट प्रीकॅल्क्युलसचा हट्ट धरणारे पालक एक गोष्ट विसरतात: फलनाची कल्पना, लॉगरिदम आणि संमिश्र संख्या आपल्याकडे अकरावीत येतात, इथे त्या अल्जिब्रा २ मध्येच होतात. वर उडी मारायचीच असेल तर उन्हाळ्यात हे तीन विषय आणि आलेखांची रूपांतरणं पक्की करून घ्या. खान अकॅडमीवर फुकटात होतं. कॅल्क्युलेटरचंही आहे. आपली मुलं हाताने गुणाकार करण्यात पटाईत, पण इथे टीआय-८४ कॅल्क्युलेटरवर किंवा डेस्मॉस या ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर आलेख काढता येणं परीक्षेत गृहीत धरलेलं असतं, आणि एपी कॅल्क्युलसच्या एका भागात तर तो लागतोच.

वर्ग चुकला असं वाटलं तर पहिल्या दोन आठवड्यांत सांगा. नंतर वरच्या वर्गातून खाली यायची सोय असते, खालून वर जायची नसते.

पुढच्या वर्षाची नोंदणी थंडीत होते

जून उजाडला की वह्या-पुस्तकं आणि वर्ष सुरू, या सवयीमुळे पालक ऑगस्टमध्ये जागे होतात. पण पुढच्या वर्षाचे विषय बहुतेक शाळांत जानेवारी ते मार्चच्या दरम्यान भरले जातात. आधी कोर्स कॅटलॉग येतो, कधी त्याला प्रोग्राम ऑफ स्टडीज म्हणतात, शंभर पानांची पीडीएफ. मग चालू वर्षाचे शिक्षक प्रत्येक विषयाची पुढची पातळी सुचवतात. मग मूल पोर्टलवर मागणी नोंदवतं. पॉवरस्कूल, इन्फिनिट कॅम्पस, न्यू जर्सीत बऱ्याच ठिकाणी जेनेसिस, टेक्सासमध्ये स्कायवर्ड, कॅलिफोर्नियात एरीज, असं काहीतरी. मग काउन्सेलर प्रत्येक मुलाला दहा-पंधरा मिनिटं भेटतो आणि यादी बंद होते.

या मागण्यांवरूनच शाळा ठरवते की एपी फिजिक्सचे दोन वर्ग चालवायचे की एकच, किंवा चालवायचाच नाही. वसंतात मास्टर शेड्यूल, म्हणजे अख्ख्या शाळेचं वेळापत्रक, तयार होतं, त्यावर शिक्षकांच्या नेमणुका होतात. त्यामुळे मागणी म्हणजे वेटिंग लिस्टचं तिकीट. डबा जोडला गेला तर जागा. ज्या विषयाचा दिवसात एकच वर्ग आहे असे दोन विषय एकाच तासिकेला आले, तर एक सोडावाच लागतो. ऑर्केस्ट्रा आणि एपी कॉम्प्युटर सायन्स हा नेहमीचा बळी. म्हणून पर्यायी विषयांचे रकाने रिकामे सोडू नका. रिकामे ठेवले की संगणक जिथे जागा आहे तिथे टाकतो, आणि मुलाला सप्टेंबरमध्ये शिवणकाम नाहीतर स्टडी हॉल, म्हणजे नुसता बसून अभ्यास करायचा तास, मिळतो.

पातळ्या तीन: नियमित किंवा कॉलेज प्रेप, ऑनर्स, आणि एपी. पातळीनुसार वजन देऊन काढलेल्या सरासरीत (वेटेड जीपीए) एपीला सहसा एक गुण जास्त मिळतो, ए म्हणजे ४ ऐवजी ५. या एका गुणापायी पहिल्याच वर्षी चार एपी घेणं हा आपल्या मंडळींचा आवडता आत्मघात आहे. नवीन देशातल्या पहिल्या वर्षी मुलाला लॉकरचा आकडा, जेवणाच्या सुट्टीत बसायची जागा आणि इंग्रजीतले निबंध हे सगळं एकदम शिकायचं असतं. दहावीत आलेल्याला एक एपी, अकरावीत आलेल्याला दोन, हे पुरे. तेही ज्या विषयात मूल आधीच भक्कम आहे त्यातच. एपी यूएस हिस्ट्री पहिल्या वर्षी टाळा. वाचन प्रचंड, आणि वर्गातल्या बाकीच्यांनी तो इतिहास शाळेत आधी एकदा वाचलेला असतो.

शिक्षकाने शिफारस केली नसेल तर बऱ्याच शाळांत वेव्हर फॉर्म असतो. पालक सही करून मुलाला वरच्या वर्गात घालू शकतात. त्या फॉर्मची बारीक अक्षरं वाचा. 'नंतर वर्ग सोडता येणार नाही' असं बहुतेक त्यात असतं.

एपीचा वर्ग घेतला म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं नाही. परीक्षा मे महिन्यात असते, पण नोंदणी शरद ऋतूत, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी लागते, आणि शाळा आपली मुदत त्याही आधीची ठेवते. दर परीक्षेला १०० डॉलरच्या आसपास फी, उशीर झाला तर दंड वेगळा. उत्पन्न कमी असेल तर फीत सवलत आहे. ती काउन्सेलरकडेच मागायची.

परदेशी भाषेच्या रकान्यात मराठीचा उपयोग करून घेता येतो आणि फार थोडे पालक तो करतात. पदवी-प्रमाणपत्रावर 'सील ऑफ बायलिटरसी' हा शिक्का देण्याची सोय बहुतेक सगळ्या राज्यांत आहे. इंग्रजीशिवाय आणखी एक भाषा लिहिता-बोलता येते याची ती नोंद. अव्हांत या संस्थेच्या चाचण्यांत मराठी लेखन आणि संभाषणाची परीक्षा आहे. तिचे गुण कुठे फक्त शिक्क्यासाठी चालतात, कुठे भाषेच्या क्रेडिटसाठीही. जिल्ह्याचा नियम काउन्सेलरला विचारा, आणि परीक्षा अकरावीतच देऊन टाका. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत जाणाऱ्या मुलांना तयारीचं वेगळं काही करावं लागत नाही. फक्त देवनागरी लिहायची सवय मोडली असेल तर दोन महिने आधीपासून रोज अर्धं पान लिहायला लावा.

ऑगस्टमधलं वेळापत्रक

शाळा उघडायच्या आठवडा-दोन आठवडे आधी पोर्टलवर वेळापत्रक दिसतं. आधी रचना समजून घ्या: कुठे रोज सात-आठ तासिका, कुठे ए-दिवस आणि बी-दिवस आलटून पालटून दीड-दीड तासाच्या चार, कुठे वर्षाचा विषय एकाच सत्रात संपवतात. शेवटच्या प्रकारात एक धोका आहे. गणित ऑगस्ट ते डिसेंबर झालं आणि पुढचं गणित त्याच्या पुढच्या शालेय वर्षातल्या जानेवारीत आलं, तर वर्षभराची फट पडते. तशी पडत असेल तर लगेच सांगा.

मग तपासा: सक्तीचा विषय राहिला आहे का, आधी झालेला विषय पुन्हा आला आहे का, पातळी बरोबर आहे का, जेवणाची सुट्टी आहे का, एखादी तासिका रिकामी आहे का, दुसऱ्या सत्रातही विषय भरलेले आहेत का. शेवटचं बरेच जण बघतच नाहीत. यातली चूक असेल तर शेड्यूल चेंज फॉर्म भरला की दुरुस्त होते. शिक्षक बदलून हवा, मैत्रिणीबरोबर जेवायची सुट्टी हवी, सकाळी पहिल्या तासाला झोप येते, असल्या कारणांवर फॉर्म परत येतो आणि पुढच्या खऱ्या तक्रारीचं वजनही कमी होतं.

विषय टाकणं-काढणं साधारण पहिल्या दोन आठवड्यांत चालतं. नेमकी तारीख शाळेच्या कॅलेंडरवर असते. त्यानंतर विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (विथड्रॉन, म्हणजे विषय सोडला) येतो, आणखी उशीर झाला तर काही शाळांत नापासाचा शेराही. एका डब्ल्यूने कॉलेजचं दार बंद होत नाही. पण हाच निर्णय दहा दिवस आधी घेतला असता तर कागद कोरा राहिला असता.

ईमेल कसा लिहावा? विषयाच्या ओळीत मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, विद्यार्थी क्रमांक. आत चार-पाच ओळी: काय अडलं, काय हवं, कोणत्या तारखेच्या आत. एका ईमेलमध्ये एकच प्रश्न. मिस्टर किंवा मिस आणि आडनाव. दोन-तीन कामाच्या दिवसांनी आठवण करा. मुख्याध्यापकांना पहिल्याच फटक्यात प्रत पाठवू नका. शक्य असेल तर ईमेल मुलानेच लिहावा आणि तुम्हाला प्रत ठेवावी. काउन्सेलर पालकांपेक्षा मुलांना लवकर उत्तर देतात, हा अनुभव सगळीकडचा आहे.

मूल अडखळलं तर

पहिल्या सत्रात गुण घसरतात, मूल गप्प होतं, सकाळी पोटात दुखायला लागतं. काउन्सेलरकडे जाणं म्हणजे मुलावर काही शिक्का बसणं नव्हे, आणि ती भेट ट्रान्सक्रिप्टवर येत नाही. मूल सांगेल ते काउन्सेलर सहसा स्वतःकडे ठेवतो. अपवाद जिवाला धोका आणि मारहाण किंवा अत्याचार यांचा. अशा वेळी बालसंरक्षण विभागाला कळवणं कायद्याने त्याचं कर्तव्य आहे. घरात 'एक ठेवून दिली' हे वाक्य मुलाने सहज सांगितलं तरी चौकशी सुरू होऊ शकते, एवढं पालकांनी लक्षात ठेवावं. रात्री-अपरात्री मदत लागली तर ९८८ हा राष्ट्रीय क्रमांक फोन आणि मेसेज दोन्हींवर चालतो.

वाचनदोष, एकाग्रतेचा त्रास, मधुमेह, ऐकू कमी येणं, अशांसाठी दोन वेगळ्या सोयी आहेत. ५०४ प्लॅनमध्ये मूल नेहमीच्याच वर्गात राहतं, त्याला परीक्षेत जास्त वेळ, पुढची जागा, औषधासाठी बाहेर जाण्याची मुभा असं काही मिळतं. आयईपीमध्ये (मुलासाठी बनवलेला वैयक्तिक शिक्षण-आराखडा) खास शिक्षण, मोजता येतील अशी उद्दिष्टं आणि दरवर्षी आढावा. तपासणी शाळा फुकट करते, पण मागणी लेखी आणि तारीख घालून द्या, कारण शाळेवरच्या मुदती कागदावरून मोजल्या जातात. भारतातल्या डॉक्टरांचे अहवाल जोडा. ते पुरावा म्हणून वाचले जातात, शाळेच्या तपासणीची जागा घेत नाहीत. एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) आणि एपीसाठी जादा वेळ हवा असेल तर त्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची वेगळी मंजुरी लागते. शाळेचा प्लॅन झाला की त्याच आठवड्यात तोही अर्ज करायला सांगा, मंजुरीला काही आठवडे जातात.

बैठकीत इंग्रजी बोलायला अवघड वाटत असेल तर दुभाषी मागा. फोनवर मराठी दुभाषी शाळेच्या खर्चाने मिळू शकतो. मुलालाच दुभाषी करू नका, विशेषतः बैठक त्याच्याबद्दल असेल तेव्हा.

अकरावीच्या वसंतापासून

कॉलेजच्या अर्जासोबत ट्रान्सक्रिप्ट, शाळेची माहिती आणि शिफारसपत्र काउन्सेलर पाठवतो. शेकडो मुलांमधलं तुमचं मूल त्याला आठवावं म्हणून अकरावीच्या अखेरीस एक ब्रॅग शीट, म्हणजे मुलाची स्वतःबद्दलची माहिती, भरून घेतात. 'मेहनती आणि नम्र' असं लिहून ती वाया घालवू नका. देश बदलला तेव्हा काय सोडावं लागलं, इथे येऊन कोणता विषय शून्यापासून उचलला, घरी आजी-आजोबांची कोणती जबाबदारी आहे, हे लिहा. शिक्षकांची शिफारसपत्रं अकरावीच्या शिक्षकांकडून, उन्हाळी सुट्टीपूर्वी मागायची. कॉमन अ‍ॅप (बऱ्याच कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) १ ऑगस्टला उघडतं, पण ट्रान्सक्रिप्ट मागण्याची शाळेची मुदत अर्जाच्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधीची असते.

एच-४ वर (नोकरीच्या एच व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असलेल्या मुलांच्या बाबतीत काही गोष्टी काउन्सेलरला माहीत नसतात, त्या तुम्हीच सांगायच्या. ही मुलं पगारी काम करू शकत नाहीत, म्हणून नोकरी जोडलेला व्यवसायाभिमुख कोर्स घेण्याआधी बिनपगारी पर्याय आहे का ते विचारा. संघराज्याची आर्थिक मदत त्यांना मिळत नाही, तेव्हा फॅफ्साच्या, म्हणजे त्या मदतीच्या अर्जाच्या, कार्यशाळेत तास घालवण्यापेक्षा राज्यातल्या विद्यापीठांत रहिवाशांची फी एच-४ ला लागू होते का, हे प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेश विभागाकडून लेखी मागवा. मुलाला १८ पूर्ण झाली की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क कायद्याने त्याच्याकडे जातो. काही शाळा त्यानंतर पालकांच्या ईमेलला उत्तर देण्याआधी मुलाची सही मागतात. बारावीत वाढदिवस येत असेल तर तो संमतीचा फॉर्म सप्टेंबरमध्येच भरून ठेवा.